एका फटक्याने हुकलेला कट

प्रश्न घेऊन आले ते मुलीचे वडील. मुलगी चौदा वर्षांची, नववीत आहे आणि सहा वर्षं गोल्फ खेळते. बडोद्यात आणि आसपास तिच्या वयाच्या खेळणाऱ्या मुली इतक्या थोड्या की मुलींच्या गटात कधी तिघी असतात, कधी दोघी, आणि मागच्या दिवाळीनंतर तर ती एकटीच होती. तिला चषक मिळाला, पण तिने तो घरी आणून कपाटावर ठेवला आणि कोणाला दाखवला नाही. मग एका खुल्या हौशी स्पर्धेच्या संयोजकांनी आपणहून सुचवलं की तिला पुरुषांच्या गटात उतरवा. टी, म्हणजे पहिला फटका जिथून मारायचा ती जागा, मात्र पुरुषांचीच, मागची राहील. वडिलांना लगेच हो म्हणायचं होतं. आई म्हणाली, "ताई, त्या मिशेल वीचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच."

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या दांडिया बाजारातल्या घरी खेळाडू मुलांचे आईवडील जमतात. कोणाचं तरी एक प्रकरण घ्यायचं आणि ते ऐकीव गोष्टींवर न सोडता आकडे मांडून तपासायचं, अशी आमची पद्धत. हे प्रकरण दोन रविवार चाललं. दुसऱ्या वेळी ती मुलगीही येऊन बसली होती.

मिशेल वी ही अमेरिकेची गोल्फपटू. "मिशेल वीचं काय झालं" हे वाक्य खेळाडूंच्या घरांतून जवळजवळ म्हणीसारखं वापरलं जातं. पोरगी हुशार होती, आईबापांनी पुरुषांत खेळवली, आणि वाया गेली, असा त्याचा अर्थ. हा अर्थ चुकीचा आहे असं माझं मत आहे. शिवाय तो धोक्याचाही आहे, कारण खरं नुकसान कशाने झालं ते त्यामुळे झाकलं जातं.

मिशेलचा जन्म ११ ऑक्टोबर १९८९ चा, हवाई बेटांवरच्या होनोलुलूचा. आईवडील दक्षिण कोरियातून आलेले. वडील हवाई विद्यापीठात प्राध्यापक, आई एके काळची कोरियातली हौशी विजेती. घरात खेळ आणि अभ्यास दोन्ही. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराशी हे फार जुळतं आणि म्हणूनच आमच्या गटातल्या आयांना ती परकी वाटत नाही. दहाव्या वर्षी ती अमेरिकेच्या महिला सार्वजनिक-मैदान हौशी स्पर्धेला पात्र ठरली. २००३ मध्ये, तेराव्या वर्षी, तीच स्पर्धा तिने जिंकली. त्याच वर्षी महिलांच्या मोठ्या स्पर्धांपैकी एक असलेल्या क्राफ्ट नाबिस्कोत तिने तिसऱ्या दिवशी ६६ फटक्यांची फेरी खेळली (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं) आणि शेवटी नवव्या स्थानाची बरोबरी केली. उंची सहा फूट. ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेला पहिला लांब फटका, बऱ्याच पुरुषांच्या जवळ जाणारा.

मग ती पुरुषांत का गेली? इथे एक नियम लक्षात घ्यावा लागतो, आणि आमच्या गटात तो फार थोड्यांना माहीत होता. महिलांच्या एलपीजीए दौऱ्याचं, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचं, सदस्यत्व मिळायला वय अठरा लागायचं. त्याखालच्या मुलीला खास अर्ज करून सूट मागावी लागे. सदस्य नसलेल्या मुलीला वर्षातून मोजकीच निमंत्रणं घेता येत. उलट, ज्याला आपण 'पुरुषांचा' म्हणतो त्या पीजीए दौऱ्याच्या नियमात बाईने खेळू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. संयोजकांच्या हातात काही जागा असतात, त्या ते ज्याला द्यायच्या त्याला देतात. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीला बायकांचं दार अर्धंच उघडं होतं आणि पुरुषांचं दार निमंत्रणापुरतं पूर्ण उघडं. ती पुरुषांत गेली ती केवळ हट्टाने, असं म्हणणाऱ्यांनी हा नियम विचारात घ्यावा.

मिशेल त्या दौऱ्यावर उतरली त्याआधीच्या वर्षी, मे २००३ मध्ये, अनिका सोरेनस्टॅम टेक्सासच्या कलोनियल स्पर्धेत पुरुषांबरोबर खेळली होती. ती तेव्हा बत्तीस वर्षांची आणि बायकांत जगात पहिली. ७१ आणि ७४ खेळून तिचा कट, म्हणजे पुढच्या दोन दिवसांतला प्रवेश, हुकला. ती येणार म्हटल्यावर विजय सिंगसारख्या खेळाडूने उघड नापसंती दाखवली होती. त्या गदारोळानंतर आठ महिन्यांत एक चौदा वर्षांची मुलगी त्याच दौऱ्यावर उतरली.

जानेवारी २००४, सोनी ओपन, होनोलुलूचं वायलाए मैदान. पार, म्हणजे एका फेरीसाठी ठरवून दिलेले फटके, ७०; लांबी सात हजार यार्डांच्या जरा वर; पुरुषांच्या दौऱ्यावरच्या मानाने आखूड, सपाट, समुद्रावरून येणारा वारा. मिशेलसाठी हे घरचं अंगण. पहिल्या दिवशी ७२, दुसऱ्या दिवशी ६८. एकूण १४०, म्हणजे बरोबर पार. कट एक खाली, १३९ वर गेला.

एका फटक्याने हुकला.

कट म्हणजे काय, हे गटातल्या दोघातिघांना सांगावं लागलं. चार दिवसांची स्पर्धा असते; दोन दिवसांनंतर त्या काळी पहिले सत्तर आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले पुढे जात, बाकीचे घरी. १९४५ मध्ये बेब झहारियासने पुरुषांच्या दौऱ्यावर कट पार केला होता; त्यानंतर कोणत्याही बाईला ते जमलं नव्हतं. त्या एका फटक्याने एकोणसाठ वर्षांची रिकामी जागा भरली असती. शिवाय ६८ ही त्या दौऱ्यावर कोणत्याही बाईने खेळलेली सर्वांत कमी फटक्यांची फेरी होती. त्या आठवड्यात ती ज्याच्याबरोबर सराव फेरी खेळली आणि ज्याने तिचं मनापासून कौतुक केलं, त्या अर्नी एल्सनेच स्पर्धा जिंकली.

आमच्याकडे इथे वाद झाला. एक वडील म्हणाले, हुकला तो हुकला, एक काय नि दहा काय. मला ते पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. शाळेत उंच उडी घेताना मी मुलांना नेहमी बघायला लावायची की दांडी कशाने पडली, टाचेने की कमरेने. टाचेने पाडणारा मुलगा आणि कमरेने पाडणारा मुलगा, दोघांच्या नावापुढे फुलीच पडते, पण पुढच्या आठवड्याचा सराव दोघांना वेगवेगळा द्यावा लागतो. १४० हे टाचेने पडलेलं होतं.

मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "टीचर, पण दुसरा शॉट तिने कोणत्या आयर्नने मारला असेल?"

मोठी माणसं शोभतं की नाही यावर बोलत होती आणि तिने एका वाक्यात खेळावर आणलं. फळ्यावर गणित मांडलं. समजा पार चारचा होल, ४५० यार्ड. त्या काळातल्या पुरुष व्यावसायिकाचा ड्राइव्ह साधारण २८५ यार्ड. उरले १६५, सात किंवा आठ नंबरची आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याची काठी; नंबर जितका मोठा तितका चेंडू उंच आणि जवळ जातो. बायकांच्या दौऱ्यावरच्या सर्वसाधारण खेळाडूचा ड्राइव्ह २५० धरला तर उरतात २००, हातात वूड, म्हणजे लांब फटक्याची मोठ्या डोक्याची काठी. मिशेल २७० ते २८० मारायची, म्हणजे उरले १७० ते १८०. पाच किंवा सहा नंबर. सहा नंबरचा चेंडू आठ नंबरपेक्षा खालून येतो, कडक ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, उतरून पुढे घसरतो. अठरा होलांत हे आठदहा वेळा होतं. दर वेळी ग्रीनवरचा शेवटचा फटका, म्हणजे पुट, तीनचार फूट लांब राहतो. फटके जातात ते तिथे. यात बाई असण्याचा संबंध फक्त त्या पहिल्या पस्तीसएक यार्डांपुरता आहे, आणि मिशेलने तो फरक जवळजवळ बुजवला होता. मुलीने सगळं वहीत उतरवून घेतलं.

आता पुढचे आकडे. पीजीए दौऱ्यावर ती एकूण आठ वेळा खेळली. २००५ च्या सोनी ओपनमध्ये ७५ आणि ७४. त्याच वर्षी इलिनॉयमधल्या जॉन डिअर क्लासिकमध्ये ७० आणि ७१, पारच्या एक खाली, आणि कट दोन फटक्यांनी हुकला. २००६ च्या सोनीत ७९ आणि मग पुन्हा ६८. म्हणजे पहिल्या चार खेपांत दोन वेळा ती उंबरठ्यावर पोचली आणि दोन वेळा तिच्या हातून ६८ ची फेरी आली. मे २००६ मध्ये कोरियात, इंचॉनजवळ, एसके टेलिकॉम ओपनमध्ये तिने पुरुषांत कट पार केलाही आणि पस्तिसाव्या स्थानाची बरोबरी केली. तिच्याआधी तिथल्या पुरुषांच्या स्पर्धेत हे फक्त से री पाकने, २००३ मध्ये, केलं होतं. जूनमध्ये पुरुषांच्या यूएस ओपनच्या विभागीय पात्रता फेरीपर्यंत पोचणारी ती पहिली बाई ठरली. तिथे एका दिवसात छत्तीस होल खेळावे लागतात. सकाळी ६८, दुपारी ७५, आणि जागा हुकली.

याच सहा महिन्यांत बायकांच्या मोठ्या स्पर्धांत ती काय करत होती? क्राफ्ट नाबिस्कोत तिसरी, एलपीजीए चॅम्पियनशिपमध्ये पाचवी, यूएस विमेन्स ओपनमध्ये तिसरी, आणि जुलैअखेर एव्हियाँत दुसरी, सगळीकडे बरोबरीत. क्राफ्टमध्ये प्लेऑफ, म्हणजे पहिल्या जागेची बरोबरी सोडवणारी जादा लढत, पुन्हा एकाच फटक्याने गेला. फेब्रुवारीत महिलांची जागतिक क्रमवारी पहिल्यांदा जाहीर झाली, तेव्हा ती तिसरी होती. पुरुषांत खेळल्याने जर खेळ बिघडत असेल तर तो इथे बिघडायला हवा होता. सोळा वर्षांची मुलगी एकाच उन्हाळ्यात पुरुषांच्या पात्रता फेरीत सकाळी ६८ खेळते आणि बायकांत जगातल्या पहिल्या तिघींत असते. मी आईला विचारलं, यात वाया गेल्याचं लक्षण कुठे दिसतं? ती म्हणाली, "इथे नाही दिसत."

दिसायला लागतं ते त्या जुलैपासून. जॉन डिअरमध्ये दुसऱ्या फेरीत उष्म्याने ती खचली, खेळ सोडावा लागला, रुग्णालयात न्यावं लागलं. सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरात ओमेगा युरोपियन मास्टर्स: ७८, ७९. लगेच पुढच्या आठवड्यात अटलांटिक ओलांडून पेनसिल्व्हेनियात ८४ लंबर क्लासिक: ७७, ८१, यादीत तळाशी. ती तेव्हा शाळेत शेवटच्या वर्षाला होती. मग नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये पुरुषांचीच कासिओ वर्ल्ड ओपन, तिथेही कट हुकला. जानेवारी २००७ च्या सोनीत उजव्या मनगटाला पट्टी बांधून ७८, ७६. घरचं अंगण तेच आणि पारही तेच. तीन वर्षांपूर्वीच्या १४० चे १५४ झाले होते.

हे चौदा फटके पुरुषांमुळे वाढले असं कसं म्हणणार? पुरुष तर २००४ मध्येही होते.

पुढे थोड्याच दिवसांत धावताना पडून तिचं डावं मनगट मोडलं. मेअखेर ती परतली, बायकांच्याच स्पर्धेत, आणि सोळा होलांत पारच्या चौदा वर गेल्यावर मनगटाचं कारण देऊन बाहेर पडली. एलपीजीएचा एक नियम होता: सदस्य नसलेल्या खेळाडूने ८८ किंवा जास्त फटके घेतले तर वर्षभर बंदी. तेव्हा टीका झाली की ती नियमाला घाबरून पळाली. मला त्या टीकेत रस नाही. माझी नजर मनगटावर जाते. ते वर्ष बायकांतही वाईटच गेलं.

म्हणून प्रकरणातला खरा प्रश्न मला असा दिसतो: त्या जुलैनंतर तिला थांबवायचं काम कोणाचं होतं?

५ ऑक्टोबर २००५ ला, सोळावा वाढदिवस सहा दिवसांवर असताना, ती व्यावसायिक झाली. नायके आणि सोनी यांच्याशी करार. दोन्ही मिळून वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर, असं तेव्हा छापून आलं. तिने त्यातले पाच लाख डॉलर कॅटरिना वादळग्रस्तांना दिले, हेही सांगितलं पाहिजे. पण बघा, होनोलुलूच्या स्पर्धेच्या नावातच सोनी आहे. निमंत्रण देणाऱ्या स्पर्धेवरचं नाव आणि मुलीला मानधन देणाऱ्या कंपनीचं नाव एकच झालं. चौदाव्या वर्षी सोनी ओपनला जावं की नाही हा खेळाचा प्रश्न होता. सतराव्या वर्षी, पट्टी बांधलेल्या मनगटाने, तो आता केवळ खेळाचा राहिला होता का? तिच्या आईवडिलांनी पैशासाठी खेळवलं असं मी म्हणत नाही. मला त्यांच्या मनातलं माहीत असायचं कारण नाही. एवढंच म्हणते की, एकदा इतक्या लोकांची आखणी एका मुलीच्या हजेरीवर उभी राहिली की 'या आठवड्यात नको' हे तीन शब्द म्हणणं प्रत्येकाला अवघड होतं, आणि सर्वांत अवघड त्या मुलीला.

माझे वडील तरुणपणी बडोद्यातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात, म्हणजे तालमीत, जात. ते सांगायचे की सरावाला मोठा जोड, म्हणजे वरचढ गडी, दिला तर पोरगं वाढतं, पण उस्तादाचे डोळे पोराच्या श्वासावर असायला हवेत. मी हे गटात सांगितलं तेव्हा मुलीचे वडील म्हणाले, "म्हणजे जोड मोठा असणं ठीक आहे." ठीक आहे. मला त्यातला श्वासाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

वाया गेल्याची म्हण वापरणारे २००७ लाच थांबतात. त्या शरदात मिशेल स्टॅनफर्डला शिकायला गेली. व्यावसायिक झाल्यामुळे तिला विद्यापीठाच्या संघातून खेळता येत नव्हतं. त्या करारांची एक किंमत अशीही होती. २००८ मध्ये रेनोला ती पीजीए दौऱ्यावर आठव्यांदा खेळली, ७३ आणि ८०, आणि मग तो रस्ता तिने सोडला. त्याच वर्षी इतर मुलींसारखी पात्रता स्पर्धा देऊन ती एलपीजीएची सदस्य झाली. २००९ मध्ये मेक्सिकोत पहिला विजय. २०१२ मध्ये पदवी.

आणि जून २०१४, पाइनहर्स्ट क्रमांक दोन. त्या वर्षी पहिल्यांदाच पुरुषांची आणि बायकांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत एकाच मैदानावर झाली. पुरुषांची मार्टिन केमरने जिंकली. सात दिवसांनी त्याच ग्रीनवर बायकांची मिशेलने जिंकली, पारच्या दोन खाली, दोन फटक्यांच्या फरकाने. बायकांसाठी टी पुढे आणल्या होत्या आणि त्यामागचा संयोजकांचा हेतू असा की दुसऱ्या फटक्याला बायकांच्या हातात पुरुषांइतक्याच नंबरची आयर्न यावी.

हे वाचताना मुलीने मान वर केली. तिचाच प्रश्न होता तो.

उलट बाजूचंही एक उदाहरण आम्ही पाहिलं. सुझी व्हेली ही कनेक्टिकटची प्रशिक्षक, पुढे आणलेल्या टींवरून पुरुषांना हरवून २००३ च्या ग्रेटर हार्टफर्ड ओपनला पात्र ठरली. तिथे मात्र सर्वांसारख्या मागच्या टींवरून खेळावं लागलं आणि कट हुकला. आखूड टीवर जिंकलेली जागा खरी की नाही, यावर बरंच भांडण झालं. मला वाटतं दोन्ही गोष्टी न्याय्य असू शकतात, फक्त कोणती मोजणी चालू आहे ते आधी ठरलेलं असावं.

आता बडोद्याची मुलगी. ती लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या मैदानावर शिकली. १९३० च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी ते आखलं गेलं आणि १९९० च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी, जे स्वतः रणजी खेळलेले, ते नव्याने घडवून लोकांना खुलं केलं. जुनी झाडं, मोर, फेअरवेच्या टोकाला राजवाड्याचा मनोरा. तिथला प्रत्येक उतार तिला पायाने माहीत आहे, मिशेलला वायलाए होतं तसा. ठरलेली स्पर्धा मात्र दुसऱ्या गावी, अनोळखी आणि लांब मैदानावर. माझं पहिलं मत तिथेच बनलं: पुरुषांत खेळायला हरकत नाही, पण पहिली वेळ घरच्या मैदानावर असावी. संयोजकांना तसं कळवलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. वडील खट्टू झाले. मुलगी झाली नाही, असं नाही, पण तिने ते दोन दिवसांत झटकलं.

दरम्यान तिने स्वतःच एक काम काढलं. तीन रविवार ती पुरुषांच्या टींवरून खेळली आणि प्रत्येक होलवर दुसऱ्या फटक्याला हातात काय आलं ते लिहिलं. पार चार आणि पाचच्या निम्म्याहून जास्त होलांवर वूड. पुढच्या टीवरून त्याच होलांवर सात आणि आठ नंबर. वहीतलं ते पान तिने आईला दाखवलं आणि आईची भीती त्याने कमी झाली, कारण आता हा शोभण्या-न शोभण्याचा मामला राहिला नव्हता. तीस यार्ड कमी पडतात, आणि चौदा वर्षांच्या मुलीला ते मिळवायला अजून वेळ आहे.

वेळापत्रक आईने लिहिलं. वर्षात पुरुषांच्या गटात दोनच स्पर्धा, लागोपाठच्या आठवड्यांत कधीच नाही, सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे मोकळे. मनगट, खांदा किंवा पाठ दुखली तर बाहेर पडायचं ठरवेल ती मुलगी, आणि कारण तिला कोणी विचारणार नाही. ही शेवटची ओळ वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहावी असा मी आग्रह धरला. त्यांनी लिहिली, खाली सही केली, आणि मग विचारलं की निमंत्रण देणाऱ्यांनी प्रवासखर्च आधीच दिलेला असला तर काय करायचं. आम्ही सगळे थोडा वेळ त्यावर बोललो. शेवटी मुलीनेच सांगितलं, "बाबा, तो घ्यायचाच नाही."